आमची फ्रिक्वेन्सी कुणासाठी हलवली? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

सह्याद्रीच्या एका खोऱ्यातल्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे लोकांनी आपल्या भागापुरत्या चालवलेल्या छोट्या केंद्रावर, मी निवेदिका आहे. पगार नाही, मानधन कधी मिळते कधी नाही. सकाळी घरचे आवरून स्टुडिओत जाते आणि हवामान, बाजारभाव, लसीकरणाचे वार, हरवलेल्या गुरांच्या सूचना, बायकांनी गायलेल्या ओव्या असे सगळे आमच्या बोलीत लोकांपर्यंत पोचवते. गेल्या महिन्यात दिल्लीहून आमच्या केंद्राला एक पानाचे इंग्रजी पत्र आले. फ्रिक्वेन्सी बदलली आहे, अमुक तारखेपासून नव्या फ्रिक्वेन्सीवरच प्रसारण करावे. कारण एका ओळीत दिले होते, बाधा टाळण्यासाठी, म्हणजे एका केंद्राचा दुसऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून. डायलवर ९० च्या घरात असलेले आमचे केंद्र त्या एका ओळीने १०७ च्या घरात जाऊन पडले.

तुमच्या कार्यालयातल्या माणसाला हा आकड्याचा बदल वाटत असेल. आमच्याकडे काय झाले ते सांगते. इथे बऱ्याच घरांत काट्याचे रेडिओ आहेत आणि आमच्या जागेवर डायलच्या काचेला टिकली चिकटवलेली आहे. अक्षरओळख नसलेली आजी काटा टिकलीपाशी आणते आणि तिला आमचा आवाज मिळतो. आता तिथे खरखर आहे, आणि खरखरीच्या मागून जिल्ह्याच्या शहरातल्या व्यावसायिक केंद्राच्या जाहिराती. आमचे केंद्र बंद पडले असे लोकांना वाटले. मला रस्त्यात थांबवून विचारतात, “ताई, तुमचा रेडिओ मोडला का गं?” एका म्हाताऱ्या मावशींना वाटले की मीच गेले. त्यांनी माझ्या सासूबाईंकडे निरोप धाडला. घरी आल्यावर सासूबाईंनी तो सांगितला तेव्हा मी हसू शकले नाही.

बदल करण्याआधी आम्हाला जुन्या जागेवरून महिनाभर तरी सूचना द्यायला वेळ द्यायला हवा होता की नको? एकाच वेळी दोन्ही जागी बोलायची सोय आमच्याकडे नाही. ट्रान्समीटर एकच आहे, तोही ५० वॉटचा. जुनी जागा सोडली त्या क्षणी आमचे निम्मे श्रोते गेले. नवी जागा सांगायची कशी? जो ऐकतच नाही त्याला रेडिओवरून कसे सांगणार? मग मी आणि आमच्या दोन मुली वाड्या-वस्त्यांवर पायी फिरलो, प्रत्येक घरात रेडिओ हातात घेऊन काटा फिरवून दिला. काही जुन्या संचांवर काटा १०७ च्या अलीकडेच अडकतो. अशा घरांना काय सांगायचे, हे मला त्या पत्रात सापडले नाही.

आता बाधेचे बोलू. बाधा कुणाची कुणाला होत होती? तुमच्याच मंत्रालयाच्या नियमांनुसार कम्युनिटी रेडिओच्या प्रसारणाची परिणामी शक्ती, म्हणजे ट्रान्समीटरचा जोर अँटेनाने वाढून हवेत जातो तेवढी, १०० वॉटच्या पुढे जाता कामा नये, आणि अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरच्या आत हवी. शहरातली खाजगी केंद्रे किलोवॉटमध्ये बोलतात, आमच्यापेक्षा कित्येक पटींनी उंच मनोऱ्यांवरून. मग शंभर वॉटवाल्याने किलोवॉटवाल्याला बाधा केली, असे कुणाच्या यंत्राने दाखवले? एफएमचा गुण असा की एकाच जागेवर दोन केंद्रे आली तर रेडिओ दोघांची मिसळ ऐकवत नाही, जोरदार असेल त्याला धरतो आणि दुबळ्याला पुरता गिळून टाकतो. आणि शेजारच्या जागी जोरदार केंद्र असले तर स्वस्तातला संच दुबळ्याकडे वळतच नाही. त्रास होत होता तो आमच्या श्रोत्यांना. तक्रार होती ती आमची, आणि लेखी होती. तिचे उत्तर म्हणून हलवले कुणाला, तर आम्हालाच. दुबळ्याने घर सोडावे म्हणजे भांडण मिटते, हा न्याय गावगाड्यात आम्ही पिढ्यानपिढ्या पाहिला आहे. तो लहरींवरही लागू होईल असे वाटले नव्हते.

नव्या जागेची गत तर आणखी वाईट आहे. एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की तिथेच थांबते. खाली ओढ्याकाठच्या वस्तीवर आम्ही पोचत नाही, कारण मध्ये डोंगराची सोंड आहे. वर पठारावरच्या धनगरवाड्यांवर आम्ही पोचतो, पण तिथे पलीकडच्या जिल्ह्यातले मोठे केंद्र जवळच्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन आम्हाला झाकते. म्हणजे खाली डोंगर आणि वर दुसऱ्याचा जोर, मध्ये उरतो आम्ही. ज्यांच्यासाठी हे केंद्र काढले, त्यांच्यातल्या निम्म्यांना ते आज मिळत नाही.

यावर उपाय तुमच्याच कागदात आहे. २००६ साली स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओ खुला झाला, त्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले होते की भूभागाची गरज असेल तर शक्ती २५० वॉटपर्यंत वाढवून देण्याचा विचार प्रत्येक प्रकरण पाहून करता येईल. डोंगराळ मुलुखाला सह्याद्रीहून आणखी काय पुरावा लागतो? आम्ही तसा अर्ज केला. नकाशा जोडला, वाड्यांची नावे जोडली, ग्रामपंचायतीचे ठराव जोडले, तहसीलदारांचे पत्र जोडले. पोच आली, उत्तर आले नाही. मग फोन, मग दुसरे कार्यालय, मग “ती फाईल वायरलेसवाल्यांकडे आहे”, वायरलेसवाले, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटून देणारे खाते, म्हणतात “मंत्रालयाचे पत्र नाही”. आमच्या २५० वॉटची फाईल कुठल्या टेबलावर बसली आहे ते आजवर कुणी सांगितलेले नाही. फ्रिक्वेन्सी काढून घेणारे पत्र मात्र कुठेही न अडकता थेट आमच्या दारात आले.

आमच्यासारख्यांना नेहमी एकच सांगितले जाते, फ्रिक्वेन्सी उपलब्ध नाहीत. मग ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ शहरांत ७३० नव्या खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्या कुठून आल्या? राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये. त्या शहरांना रेडिओ मिळू नये असे माझे म्हणणे नाही, खुशाल मिळो. पण विकायचे असले की ७३० जागा निघतात आणि एका खोऱ्याला एक स्वच्छ जागा द्यायची म्हटली की डायल भरलेला असतो, हे कसे?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्राचे. त्या निकालावरच कम्युनिटी रेडिओची सगळी इमारत उभी आहे. सार्वजनिक मालमत्तेचा अर्थ सरकारी कार्यालयात काय लावला गेला, ते २०१२ साली दिसले. लहरी वापरायची वर्षाची फी १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपये करून टाकली होती. देशभरातल्या छोट्या केंद्रांनी आरडाओरडा केला म्हणून ती मागे घ्यावी लागली. म्हणजे ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, आणि आम्हाला ओरडायला दिले आहेत शंभर वॉट.

आणि आम्ही सांगायचे तरी काय? गावातली बातमी आम्ही गोळा करून देऊ शकत नाही. बातम्या हव्यात तर फक्त आकाशवाणीच्या, जशाच्या तशा, फार तर आमच्या बोलीत भाषांतर करून. रात्रभर एकमेकांवर ओरडणाऱ्या शेकडो टीव्ही वाहिन्या तुम्हाला चालतात. आमच्या खोऱ्यातला पूल का खचला हे आमच्याच पोरीने सांगितले तर मात्र देशाला धोका. ही बंदी कुठल्या भीतीतून आली, ते एकदा आमच्यासमोर येऊन सांगा. ज्या राज्याला दोन-तीन कोसांपुरता ऐकू जाणारा आवाज धोक्याचा वाटतो, ते राज्य स्वतःच्याच लोकांना ओळखत नाही.

आकाशवाणीचे तरी काय केलेत? लहानपणी आमच्याकडे मध्यम लहरींवर सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लागायची आणि रात्री हवा चांगली असली की पुण्याचे ७९२ खणखणीत यायचे. ती लहर जमीन धरून चालते, डोंगर ओलांडते, दऱ्यांत उतरते. आता सगळीकडे एफएम, एफएम. अवघ्या देशात आकाशवाणी ९९.१९ टक्के लोकांपर्यंत पोचते असे सरकारी कागद वर्षानुवर्षे सांगत आले. पण हा आकडा उभा आहे तो मध्यम लहरींच्या जिवावर. जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या विस्ताराची २,५३९.६१ कोटींची ‘बाइंड’ योजना मंजूर झाली, तेव्हा सरकारनेच सांगितले की एफएम देशाच्या ५९ टक्के भूभागावर आणि ६८ टक्के लोकांपर्यंतच पोचते, आणि २०२५-२६ पर्यंत ते ६६ आणि ८० टक्क्यांवर नेऊ. उरलेल्या २० टक्क्यांना काय ऐकवणार होतात? त्यांच्या मध्यम लहरी एकामागून एक गप्प करायच्या आणि एफएम त्यांच्यापर्यंत न्यायचे नाही, याला विस्तार म्हणतात का? २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एका दिवसात ९१ छोटे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, शंभर शंभर वॉटचे. ज्यांना मिळाले त्यांचे अभिनंदन. आमच्या तालुक्याला त्यातला एकही मिळालेला नाही. सरकार स्वतः शंभर वॉटचे केंद्र काढते तेव्हा तो विकास होतो, आणि लोकांनी वर्गणी काढून चालवलेले शंभर वॉट हलवून फेकले जातात. त्याच वर्षी जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा घाट घातला होता. लोक उठले म्हणून तो थांबला. प्रत्येक वेळी लोकांनीच का उठायचे?

मोबाईलवर ऐका, असे एका साहेबांनी मला तोंडावर सांगितले. साहेब, आमच्याकडे मोबाईलचा टॉवर पावसाळ्यात वीज गेली की दोन तासांत झोपतो. त्यांच्या फोनमध्ये एफएमची सोय होती का, तेही मी विचारले. ती काढून टाकू नका असे तुमच्याच सरकारला मे २०२३ मध्ये कंपन्यांना बजावावे लागले होते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आले तेव्हा कोकणात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वीज आणि फोन किती दिवस नव्हते, ते तिथल्या लोकांना विचारा. मुसळधार पावसात सेलवर चालणारा रेडिओच माणसाच्या हाताशी उरतो. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या प्रत्येक आईच्या डोक्यात पावसाळ्यात दरडीखाली गेलेली ही तीन नावे असतात. इशारा वेळेवर कानावर पडला तर ती पोरे घेऊन रात्री शाळेच्या इमारतीत जाते. तो इशारा तिच्या बोलीत, तिच्या ओळखीच्या आवाजात देण्यासाठी मी पाऊस लागला की स्टुडिओत झोपते. या पावसाळ्यात मी तिथे झोपेन, पण माझा आवाज तिच्यापर्यंत जाईल की शहरातल्या केंद्रावरचे गाणे, हे मला माहीत नाही. आणि माझ्या जिवाला लागले आहे ते हेच.

बदली, निवृत्ती, नवे साहेब, जुनी फाईल. इथे शाळेचा पट कमी म्हणून शाळा उचलतात, प्रवासी कमी म्हणून एसटी बंद होते, श्रोते मोजता येत नाहीत म्हणून लहर उचलतात. सगळीकडे हिशोब एकच, की थोड्या माणसांसाठी इतके कशाला. पण ही थोडी माणसे म्हणजे डोंगराच्या उतारावर, धरणाच्या वर, जंगलाच्या कडेला राहणारी माणसे आहेत. धरणाचे पाणी आणि जंगलाची हवा त्यांच्याच अंगणातून शहरांना जाते. त्यांना परत काय मिळते? शहराच्या जाहिराती, आमच्या टिकलीच्या जागेवर.

आमच्या केंद्राला जुनी फ्रिक्वेन्सी परत द्या. ते जमत नसेल तर नव्या जागेच्या दोन्ही बाजूला पुरेसे अंतर मोकळे ठेवा, आणि २५० वॉटच्या अर्जावर हो किंवा नाही लेखी कळवा, कारणांसह. लहरींचा जोर मोजणारी गाडी आमच्या खोऱ्यात पाठवा. शहरातल्या गच्चीवर नाही, ओढ्याकाठच्या वस्तीवर आणि धनगरवाड्यावर उभी करा, आणि जे आकडे येतील ते जाहीर करा. यापुढे देशात कुठल्याही छोट्या केंद्राची जागा बदलायची असेल तर तीन महिने आधी त्या भागाच्या भाषेत नोटीस द्या, आणि तोवर जुन्या जागेवरून सूचना देत राहायची मुभा द्या. ज्याने बाधा केली त्याने खर्च सोसावा, असा नियम करा. आमच्या वाड्या फिरण्याचा खर्च मी मागत नाही.

उत्तर मराठीत पाठवा. आले की सकाळच्या कार्यक्रमात जसेच्या तसे वाचून दाखवीन, काना-मात्रा न बदलता. आले नाही, तर अर्ज कुठल्या कार्यालयात पडून आहे ते दर सोमवारी श्रोत्यांना सांगत राहीन.

आपली,
एका डोंगरी खोऱ्यातल्या कम्युनिटी रेडिओची निवेदिका