चाप ओढणाऱ्या हाताला कळत नाही, पुंगळीला कळतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या शूटिंग रेंजच्या छंदावर लेख होता, तो वाचून बरं वाटलं. पण त्यात एका वाक्यात येऊन गेलं की काही जण घरीच काडतुसं भरतात, स्वस्त पडतात, आणि लेख पुढे गेला. मी डॅलसजवळ राहतो, १२ वर्षं .२२३ ची (हे काडतुसाचं माप) काडतुसं स्वतः भरतोय, म्हणजे उडालेली पितळी पुंगळी घेऊन तिच्यात नवीन प्रायमर (ठिणगी पाडणारी बुडातली छोटी टोपी), पावडर आणि बुलेट बसवतोय, एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत वापरतो, म्हणून त्या एका वाक्यासाठी हे पत्र. (इथे स्वतःपुरती भरायला लायसन्स लागत नाही, भारतात मात्र लायसन्सशिवाय हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या कुणी याच्या नादी लागू नये.)

मुद्दा बार उडताना चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, तयार होणाऱ्या प्रेशरचा आहे. .२२३ ची ठरलेली कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला तेवढे पौंड), आणि हे सगळं घडतं गालापासून वीतभर अंतरावर. हाताने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) ओढायच्या रायफलीत प्रेशर जास्त झालं तर बोल्टचा दांडा उचलताना जड लागतो, हाताला लगेच कळतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते काम जळलेल्या पावडरीचा गॅस करतो, पुंगळी बाहेर फेकली जाते, पुढचं काडतूस आत जातं आणि तुम्ही चाप ओढत राहता. म्हणजे जो इशारा मिळायला हवा तोच मिळत नाही, तो गवतात पडलेल्या पुंगळीवर असतो आणि ती उचलून बघायची सवय नवीन मुलांना नसते.

माझंच सांगतो. फेब्रुवारीत थंडीत चार्ज (एका काडतुसात घालायची पावडर) ठरवला, काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या अगदी खाली, सगळं व्यवस्थित. तीच काडतुसं जुलैत घेऊन गेलो, डबा दुपारभर गाडीच्या डिकीत, मग टेबलावर उन्हात. काही पावडरी उष्णतेने जास्त जोर करतात हे वाचलेलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. पुंगळ्या नेहमी उजवीकडे किंचित मागे पडायच्या, त्या दिवशी पुढे उडायला लागल्या आणि मला वाटलं स्प्रिंगचं काहीतरी असेल. अकरा की बारा बार झाल्यावर एक उचलली तर बुडावर, जिथे अक्षरं ठोकलेली असतात तिथे, एक चकचकीत ठिपका, एका बाजूला खरवडलेला, आणि एक अक्षर अर्धं पुसलेलं. प्रेशरने पितळ बोल्टच्या इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणारी खीळ) भोकात दाबलं जातं आणि बोल्ट फिरताना ते खरवडून काढतो, त्याची ती खूण. कडेला एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणारा आकडा) ओरबाडलेलं होतं, कारण पुंगळी अजून चेंबरला धरून बसलेली असताना बोल्ट तिला ओढत होता. तिथेच थांबलो. घरी येऊन त्याच पुंगळ्यांत नवीन प्रायमर बसवायला घेतले तर लोण्यात बोट जावं तसे आत गेले, काही अडथळाच नाही, म्हणजे बूडच फुगलं होतं. माझ्या मते सगळ्यात खरी साक्ष हीच, आणि अशी पुंगळी परत भरायची नाही, हातोडीने चेपून भंगारात टाकायची.

बरेच जण फक्त प्रायमर बघतात, चपटा झाला का, फायरिंग पिनच्या (प्रायमरवर ठोका देणारी पिन) खुणेभोवती कड उठली का. पण प्रायमर नरम असला तर प्रेशर नीट असूनही चपटा होतो, पुंगळीचा खांदा साइझिंग करताना (साच्यात दाबून मूळ मापाला आणताना) जास्त मागे ढकलला तरी होतो, फायरिंग पिनचं भोक मोठं असलं तरी कड उठते. उलट कडक टोपीचा प्रायमर प्रेशर पार वर गेलं तरी गोल दिसत राहतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, दोन-तीन खुणा जुळवून बघाव्या लागतात, आणि क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर वेग बघा, तेवढ्याच लांबीच्या बॅरलला पुस्तकापेक्षा बराच जास्त वेग येत असेल तर तो फुकटचा नाहीये, प्रेशरमधूनच आलाय. प्रायमरला भोक पडलं किंवा तो गळून पडला तर मात्र पुढचा विचारच करायचा नाही, रायफल रिकामी करा, मॅगझीन काढा आणि तो तुकडा शोधा, कारण तो ट्रिगरच्या खाली जाऊन अडकतो. माझ्या एका मित्राने तसाच बोल्ट ओढून पुढे चालवायला घेतलं होतं, मी त्याचा हात धरला.

खुणा दिसायला लागतात तोवर प्रेशर मर्यादेच्या बरंच पुढे गेलेलं असतं हे लक्षात घ्या, म्हणून खुणा दिसेपर्यंत चार्ज वाढवत न्यायचा नसतो. कमाल चार्जच्या १० टक्के खालून सुरुवात करा, आणि पावडर, प्रायमर, बुलेट, पुंगळीची कंपनी यातलं काहीही बदललं की परत खालून. पुंगळीची लांबी १.७६० इंचाच्या वर जाऊ देऊ नका, तोंड चेंबरच्या टोकाला भिडून बुलेटला आवळतं आणि प्रेशर चढतं.

माझी उरलेली ६८ काडतुसं मी एकेक फोडली आणि पावडर परत तोलली. वजन सगळ्यांचं बरोबर निघालं, पण ९ पुंगळ्या लांबीला जास्त होत्या, वर उन्हाची भर. सोबत दोन पुंगळ्यांच्या बुडाचे फोटो पाठवतोय, जमलं तर मोठे करून छापा, डावीकडची फेब्रुवारीतली, उजवीकडची जुलैमधली.

आपला एक जुना वाचक,
मूळ सांगली, सध्या टेक्सास