पिचरच्या हातात बॅटही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा खेळला जाणार आहे. त्याआधी आपल्या क्रीडा पानावर लिसा फर्नांडेझ या अमेरिकन सॉफ्टबॉल खेळाडूविषयी सविस्तर छापून यावे, अशी विनंती आहे. आपल्याकडे शाळेत एखाद्या मुलीचा हात जरा बरा फिरू लागला की ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ठरते आणि तिची बॅटिंग सुटते. नियमात डीपीची (डेझिग्नेटेड प्लेयर, म्हणजे दुसरीच्या जागी फक्त फलंदाजी करू शकणारी खेळाडू) सोय आहेच, त्यामुळे पिचरच्या जागी दुसरीच फलंदाजी करते. फर्नांडेझची कारकीर्द पाहिली की यात आपण काय गमावतो ते कळते.

1990 ते 1993 या काळात ती कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाकडून खेळली. पिचर म्हणून 93 विजय, फक्त 7 पराभव, 11 नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता काढलेले सामने) आणि अर्न्ड रनची सरासरी, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून दर सामन्यामागे दिलेल्या धावा, 0.22. शेवटच्या वर्षी अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगची सर्वोत्तम सरासरी तिची होती आणि फलंदाजीचीही तिचीच, .510, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा हिट. पुढे अमेरिकेच्या संघातून तिने 1996, 2000 आणि 2004 अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली. पिचिंग नसेल त्या दिवशी ती थर्ड बेसवर क्षेत्ररक्षणाला उभी असे. 2000 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 13 इनिंगमध्ये (डावांत) तिने 25 वेळा बॅटरला स्ट्राइक-आऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले, तरी तो सामना अमेरिका 2-1 ने हरली. 2004 मध्ये अथेन्सला तिची फलंदाजीची सरासरी होती .545.

बॅटिंगचा पिचिंगला फायदा कसा होतो, हे चेंज-अपवरून, म्हणजे बॅटरला चकवायला मुद्दाम संथ टाकलेल्या चेंडूवरून, नीट कळते. पिचिंगचे अंतर 43 फूट. ताशी 100 ते 105 किलोमीटरने सुटलेला चेंडू साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी, येतो, त्यामुळे बॅटरला चेंडू सुटण्याआधीच, पिचरचा हात पाहून तयारी सुरू करावी लागते. चेंज-अप 15 ते 25 किलोमीटरने संथ हवा, पण हाताचे चक्र मात्र पूर्ण वेगानेच फिरले पाहिजे. वेग कमी करायचा तो पकडीने: चेंडू तळव्यात खोलवर धरायचा किंवा सोडताना हाताची मागची बाजू पुढे करायची. आपल्या मुली नेमका हातच हळू करतात आणि चेंडू सीमेपलीकडे जातो. जी स्वतः रोज नेटमध्ये बॅट घेऊन उभी राहते तिला ही चूक सांगावी लागत नाही, कारण समोरून ती तिला दिसलेली असते. राइजबॉलचेही, म्हणजे वर उसळल्यासारख्या वाटणाऱ्या चेंडूचेही, तसेच. तो खरे तर वर चढत नाही, उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो इतकेच. म्हणून तो छातीच्या उंचीवरच टाकावा लागतो. कमरेला पडलेला राइजबॉल म्हणजे बॅटरला मेजवानी.

खेळणे थांबल्यावर फर्नांडेझ यूसीएलएमध्येच सहाय्यक प्रशिक्षक म्हणून रमली. तिथल्या मुख्य प्रशिक्षक केली इनोये-पेरेझ तिच्याच काळातल्या विद्यापीठाच्या कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून पिचरचा चेंडू झेलणाऱ्या. पिचर-कॅचरची जोडी पुढे प्रशिक्षक म्हणून एकत्र यावी, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांच्या हाताखालची रेचल गार्सिया हीसुद्धा पिचर आणि बॅटर दोन्ही. 2019 च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठांच्या अंतिम स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्ध दहा इनिंग तिने एकटीने पिचिंग केले, 16 स्ट्राइक-आऊट घेतले आणि शेवटी स्वतःच तीन धावांचा होमरन मारून सामना 3-0 ने जिंकून दिला. त्या वर्षी यूसीएलएने विजेतेपद मिळवले.

पण त्या सामन्यात गार्सियाने 179 चेंडू टाकले होते, आणि हा आकडा आपल्या प्रशिक्षकांनी आदर्श म्हणून घेऊ नये. अंडरआर्म टाकल्याने खांद्याला त्रास होत नाही, ही समजूत चुकीची आहे. हात वरून खाली येताना खांदा सांध्यातून बाहेर ओढला जातो. त्याला आवरायचे आणि त्याच वेळी कोपरही सांभाळायचे काम दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर येते. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले की त्याच दिवशी पिचिंग बंद करावे, फवारा मारून पुढचा सामना खेळवू नये. आपल्या जिल्हा आणि विभागीय शालेय स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात आणि सगळे सामने एकाच पिचरवर काढले जातात. प्रत्येक संघात निदान दोन पिचर तयार हव्यात. वॉर्म-अपचे चेंडूही मोजणीत धरावेत, कारण खांदा सरावाचा आणि सामन्याचा चेंडू असा फरक करत नाही.

राज्य संघटनेने आणि क्रीडा विभागाने गुणपत्रकात पिचरने टाकलेल्या चेंडूंचा रकाना सक्तीचा करावा. चौदा वर्षांखालील गटात पिचरलाही फलंदाजी करावी लागेल, अशी अट स्पर्धेच्या स्थानिक नियमांत घालता येईल. आपल्या वार्ताहरांनी निकालासोबत चेंडूंचा आकडा छापायला सुरुवात केली, तर प्रशिक्षकांना मोजणे भागच पडेल.

आपला,
एक वाचक, अमरावती