बिनअफूची भूल आणि रात्रीचे तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ओपिऑइडमुक्त भुलीवर, म्हणजे मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं टाळून दिलेल्या भुलीवर, आलेला लेख वाचला. लेखातली माहिती चुकीची नाही. पण तो वाचून आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी सकाळी कात्रण हातात घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्या पत्नीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "मॅडम, हिला ते बिनअफूचं मिळेल का? जास्तीचे पैसे पडले तरी चालतील." मी सातारा जिल्ह्यात तीसेक वर्षं भूल दिली, आता निवृत्त आहे. त्यांना चहा देता देता जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न पडलेले ते एकटे नसावेत.

'बिनअफूचं' हा त्यांचा शब्द मला आवडला. मॉर्फिन अफूतूनच निघतं. पेथिडिन, फेंटॅनिल, ट्रामाडॉल ही कारखान्यात तयार होतात, पण शरीरात काम करतात ती मॉर्फिनच्याच जागी. वेदना मारण्यात ही मंडळी तरबेज, पण त्यांची खोडही सगळ्यांची एकच: मळमळ, उलट्या, खाज, बद्धकोष्ठ, लघवी अडणं आणि मात्रा चुकली तर श्वास मंदावणं. पित्ताशयाच्या ऑपरेशनाला येणाऱ्यांत बायका जास्त, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनानंतर बायकांना उलट्यांचा त्रास मुळातच जास्त होतो. त्यात अफूच्या जातीचं औषध जितकं कमी पडेल तितकं बरं. एवढ्यापुरती मी त्या लेखाच्या बाजूची आहे.

मात्र आपल्याकडे पित्ताशयाच्या रुग्णांची अफू सर्वांत जास्त कोणी वाचवली असेल, तर ती दुर्बिणीनं. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं. त्याआधी उजव्या बरगड्यांखाली वीतभर छेद असायचा. प्रत्येक श्वासाला तो ओढला जायचा, म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नसे, खोकत नसे, आणि मग छातीत कफ साचून ताप येई. पेथिडिनचं इंजेक्शन दिल्याशिवाय त्याला उठून बसवताच येत नसे. आज चार बारीक भोकं पडतात आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. आम्हा भूलवाल्यांच्या नव्या औषधांनी त्यापुढे केलेली बचत किरकोळच म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात माझंच पित्ताशय काढावं लागलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं चांगली होती. ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी पोटात फारसं दुखत नव्हतं, पण उजव्या खांद्यात अशी कळ सुरू झाली की हात कुठे ठेवावा कळेना. या खांद्याबद्दल मी शेकडो रुग्णांना आदल्या दिवशी सांगत आले होते, तरी क्षणभर घाबरलेच.

दुर्बिणीला आत जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. हा वायू पेटत नाही, त्यामुळे आत विजेच्या उपकरणानं रक्तवाहिन्या बंद करता येतात, आणि तो रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर जातो. पण जाईपर्यंत त्याचा थोडा साठा यकृत आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) यांच्यामध्ये अडकून राहतो. श्वासपटलाची नस निघते मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून, आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही तिथूनच जाते. मग पोटातली तक्रार मेंदू खांद्याच्या नावावर लिहितो. या दुखण्यावर मॉर्फिनचा म्हणावा तसा उपयोग मी कधी पाहिला नाही. उपयोग होतो तो सर्जनने वायूचा दाब कमी ठेवल्याचा आणि शेवटी टाके घालण्याआधी वायू नीट काढून टाकल्याचा. आम्हीही त्या वेळी फुप्फुसं चार-पाचदा मोठी फुगवून खालचा वायू बाहेर ढकलतो. यात एकही औषध नाही, म्हणून यावर कुणी लेखही लिहीत नाही.

तर ती रात्र. आठ वाजता मला पॅरासिटामॉलची बाटली लागली होती. पुढच्या औषधापुढे कागदावर लिहिलं होतं 'एसओएस'. म्हणजे लागलं तर द्या. सिस्टर म्हणाली, "ताई, दुखलं तर सांगा हं." मी झोपले. पॅरासिटामॉलचा असर सहा तास. तीनच्या सुमाराला जाग आली ती पोटाच्या कळेनंच. बेल दाबली, एकटी सिस्टर दुसऱ्या खोलीत होती, ती आली, तिनं डॉक्टरांना फोन केला, मग ट्रामाडॉल लागलं. वीस मिनिटांत दुखणं कमी झालं आणि उलट्या सुरू झाल्या. पोटाला ताजे टाके असताना उलटी होणं काय असतं, ते मी वर्णन करत बसत नाही. दोन वाजता न मागता पॅरासिटामॉलची दुसरी बाटली लागली असती तर ट्रामाडॉलची वेळच बहुधा आली नसती. आणि हे मी कुणाच्या नावानं बोटं मोडायला लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या हातानं मी किती कागदांवर 'एसओएस' लिहिलं असेल, ते त्या रात्री आठवत होते.

शेजाऱ्यांना मी हेच सांगितलं, की अफू आहे की नाही हे नंतर विचारा, आधी विचारा की पुढचं वेदनाशामक किती वाजता आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनासाठी वेदनाशमनाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत काही जगावेगळं नाही. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकच्या जातीचं एक औषध, ही जोडी रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच सुरू करून पुढे घड्याळ लावून चालू ठेवायची. डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन द्यायचं, ते दुखणं आणि उलट्या दोन्हींना आवरतं. भोकांच्या जागी जागा बधिर करणारं बुपिवॅकेन टोचायचं. आणि एवढं करूनही दुखलंच, तर अफूच्या जातीचं औषध राखीव. हे सगळं तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळतं. जास्तीचे पैसे कशाचे मोजायचे? फक्त मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, हृदयविकार किंवा वेदनाशामकानं दम लागण्याचा पूर्वानुभव असेल तर तो आधी सांगायला हवा, कारण मग डायक्लोफिनॅक टाळावं लागतं.

लेखात सोनोग्राफीत पाहून पाठीच्या किंवा पोटाच्या स्नायूंच्या पदरांत बधिर करणारं औषध सोडण्याच्या ब्लॉकचा उल्लेख आहे. पद्धत चांगली आहे, जिथे मशीन आणि हात बसलेला माणूस आहे तिथे जरूर घ्यावी.

पण 'पूर्ण ओपिऑइडमुक्त' ही पाटी लावण्यासाठी भुलीतून फेंटॅनिलचा शेवटचा थेंबही काढायचा, तर त्याच्या जागी काहीतरी घालावं लागतं. डेक्समेडेटोमिडिन, केटामिन, शिरेतून लिग्नोकेन, मॅग्नेशियम. यांतलं एकही निरुपद्रवी नाही. डेक्समेडेटोमिडिन नाडी मंद करतं, केटामिननं काहींना भयंकर स्वप्नं पडतात, लिग्नोकेन जास्त झालं तर झटके येतात. फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून निरनिराळ्या ऑपरेशनांच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डेक्समेडेटोमिडिन दिलेल्या काही रुग्णांची नाडी इतकी घसरली की अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला. जिथे एका भूलतज्ज्ञाला एका दिवसात तीन गावं करायची आहेत, ठरावीक वेगानं औषध सोडणारा सिरिंज पंप एकच आहे आणि ऑपरेशननंतर रुग्णाजवळ बसायला माणूस नाही, तिथे ही पाटी नसलेली बरी. टेबलावर माझ्या नजरेखाली दिलेल्या फेंटॅनिलच्या एका मात्रेनं पित्ताशयाच्या रुग्णाला व्यसन लागलं, असं तीस वर्षांत पाहिलं नाही.

अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाची आग लागली ती मुख्यतः घरी नेलेल्या गोळ्यांनी. 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीच्या गोळ्यांचं औषध बाजारात आलं, आणि पुढे साध्या दुखण्याला नि छोट्या ऑपरेशनांनाही महिनाभराच्या गोळ्या लिहून देण्याची रीत पडली. आपल्याकडे ट्रामाडॉलच्या गोळ्यांचा गैरवापर होतो, म्हणूनच 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. घरी जाताना कागदावर ट्रामाडॉल दिसलं तर किती दिवस आणि कशासाठी, हे जरूर विचारा. पण आपलं मोठं दुखणं उलट बाजूचं आहे. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळवताना नातेवाइकांचे जोडे झिजतात. अमली पदार्थांच्या त्याच 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन वाट थोडी सोपी झाली, पण कायद्याची भीती डॉक्टरांच्या मनातून गेली नाही, औषधाची भीती घरच्यांच्या मनातून गेली नाही. माझ्या सख्ख्या मामांना तोंडाचा कर्करोग होता. मॉर्फिन मिळालं होतं, पण "सवय लागेल" म्हणून मामी अर्धीच गोळी देत होती. 'अफूमुक्त' म्हणजे चांगलं आणि अफू म्हणजे विष, असं पुरवणीच्या मथळ्यातून घरोघरी गेलं, की अशा अर्ध्या गोळ्या वाढतात. पुढच्या वेळी मथळा देताना एवढा विचार व्हावा, ही विनंती.

शेजाऱ्यांच्या पत्नीचं ऑपरेशन गेल्या मंगळवारी झालं. त्यांनी सर्जनना वेदनाशामकाच्या वेळा विचारल्या, सर्जन हसले आणि कागदावर लिहून दिल्या. रात्री तीनला माझा फोन वाजलाच. "मॅडम, पोट दुखत नाही म्हणते, पण खांदा धरून बसलीय. हार्टचं तर नसेल?" घाम, धाप, छातीत दाबल्यासारखं काही आहे का विचारलं. नव्हतं. तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हटलं, आणि तो गॅस आहे, एक-दोन दिवसांत जाईल, हेही सांगितलं. मागून बाईंचा आवाज आला, "विचारा त्यांना, दोनची बाटली लागलीय, पुढची आठला ना?"

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सातारा