स्टीलची प्लेट वापरून मला ॲल्युमिनियमची घ्यायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

स्कूबा डायव्हिंगमध्ये सिलिंडर पाठीवर धरायला जी धातूची बॅकप्लेट लागते, ती स्टीलची घेऊ की ॲल्युमिनियमची, एवढंच मी तुम्हाला विचारलं होतं. उत्तराऐवजी तुमच्याकडून प्रश्नच आले. पाण्यात जाताना अंगात काय घालतेस? सिलिंडर कुठला मिळतो? पाण्याखाली जायला वजन म्हणून सध्या कमरेला किती शिसं लावतेस? सामान विमानाने न्यावं लागतं का? आणि होडीवर परत चढताना सिलिंडर पाठीवर असतो, की पाण्यातच काढून वर देतेस?

सगळ्यात आधी या प्रश्नांबद्दल आभार. बॅकप्लेटवर मत द्यायला झाडून सगळे तयार असतात. समोरची बाई तीन मिलिमीटर जाडीच्या रबरी सूटमध्ये उतरते की नुसत्या रॅशगार्डमध्ये, म्हणजे पोहण्याच्या पातळ शर्टात, हे विचारायला मात्र फारसं कुणी थांबत नाही.

मग तुम्ही हिशेब मांडायला बसवलंत, तोही माझ्याच हाताने. ३ मिमी जाडीची स्टीलची प्लेट साधारण २.७ किलो भरते आणि समुद्राच्या पाण्यात ती सुमारे २.३ किलोच्या जोराने खाली ओढते. त्याच आकाराची ॲल्युमिनियमची जेमतेम किलोभर, आणि पाण्यात त्यातलंही अर्ध्या किलोच्या आसपासच उरतं. आता सिलिंडर. उष्ण पाण्याच्या बहुतेक ठिकाणी हातात पडतो तो ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा. २०० बार दाबाला भरला की त्यात अडीच किलोंहून जास्त हवा असते. ५० बारवर परत येईपर्यंत त्यातली दोनेक किलो आपण फुंकून टाकलेली असते, आणि सुरुवातीला किंचित बुडणारा तोच सिलिंडर आता किलोभराच्या जोराने वर ओढू लागतो. वजन ठरवायचं ते या शेवटच्या टप्प्यासाठी, हे तुम्ही मला दोनदा लिहायला लावलंत. पाच मीटरवर, सिलिंडर जवळजवळ संपलेला, विंग (प्लेटमागची, हवा भरून तरंगायची पिशवी) पूर्ण रिकामी, आणि तरीही सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येण्याआधी थांबायची, तीन मिनिटं जागेवर राहता आलं पाहिजे.

माझे आकडे निघाले ते असे : ३ मिमीच्या सूटमध्ये एकूण तीन किलो, नुसत्या रॅशगार्डमध्ये एक-सव्वा. म्हणजे स्टीलची प्लेट घेतली असती तर रॅशगार्डच्या दिवशी शिशाचा तुकडाही न लावता मी किलोभर जड असते. हा जादा किलो उचलून धरायला विंगमध्ये कायम जादा हवा ठेवायची, वर येताना ती फुगत जाणार, ती सोडत बसायची. शिवाय प्लेट संकटात टाकून देता येत नाही. पट्ट्यातलं शिसं टाकता येतं. ॲल्युमिनियमची घेतली तर प्लेट तीच राहते आणि सूटप्रमाणे फक्त शिसं कमी-जास्त करायचं. कागदावर इतकं स्पष्ट दिसल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

आणि हे सगळं सांगणाऱ्या तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं स्टीलच वापरता! २८ अंशांच्या पाण्यातही तुम्हाला थंडी वाजते, ५ मिमीच्या सूटशिवाय तुम्ही उतरत नाही, आणि त्या सूटसाठी एरवी जे शिसं कमरेला बांधावं लागलं असतं त्यातलं बरंचसं प्लेटच पाठीवर वाहते. कमरेवरचं वजन तिथे गेलं की पायही खाली लोंबत नाहीत. तुमच्यासाठी तेच बरोबर आहे. स्वतःच्या पसंतीची वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात न मारणं फार थोड्यांना जमतं, आणि डायव्हिंगच्या सामानाबाबत तर त्याहूनही कमी लोकांना.

विंगचं तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. एका सिलिंडरला, पातळ सूटमध्ये, १० ते १४ किलो उचलणारी विंग भरपूर झाली. त्याहून मोठी घेतली तर तिच्या कडा सिलिंडरभोवती वर दुमडतात आणि हवा वाटेल तिथे अडकते. सिलिंडरचे पट्टे थेट प्लेटच्या खाचांतून ओवता येतात की मध्ये ॲडॉप्टर लागतो, हे विकत घेण्याआधी बघायला सांगितलंत तेही कामाला आलं. बोल्टच्या भोकांमधलं अंतर बहुतेक कंपन्या ११ इंचच ठेवतात, त्यामुळे एकाची प्लेट आणि दुसऱ्याची विंग बिनधास्त जमते.

खरा वेळ गेला तो हार्नेसवर, म्हणजे प्लेट अंगाला बांधणाऱ्या पट्ट्यांवर. दोन इंची वेबिंगचा, म्हणजे जाड विणलेल्या फितीचा, एकच सलग पट्टा : उजव्या कमरेपासून खांद्यावरून वर, प्लेटच्या खाचांतून, दुसऱ्या खांद्यावरून खाली डाव्या कमरेपर्यंत. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डायव्ह करणाऱ्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून या पद्धतीला हॉगार्थियन म्हणतात. जे लागत नाही ते अंगावर नको, हा तिचा बाणा. माझ्या पिशवीतल्या क्लिपा आणि हुक तुम्ही एकेक करून बाजूला काढत होतात तेव्हा त्याचा अर्थ कळत गेला.

नवी वेबिंग पाण्यात भिजवून मऊ करायची. मापं घ्यायची ती डायव्हचाच सूट घालून, ताठ उभं राहून. मान मागे न वाकवता हात खांद्यावरून टाकला की बोटं प्लेटच्या वरच्या कडेला लागली पाहिजेत. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये मूठ सरकली पाहिजे, कारण जमिनीवर चापूनचोपून बसलेला हार्नेस पाण्यात हात बाहेर काढू देत नाही. कमरेचं बक्कल मधोमध न ठेवता जरा उजवीकडे, म्हणजे क्रॉच स्ट्रॅपचा (दोन पायांमधून पुढे येणाऱ्या पट्ट्याचा) फासा त्याच्यावर येत नाही. आणि उरलेलं टोक लगेच कापायचं नाही! हे तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की कात्री मी परत खणातच ठेवली. पहिल्या काही डायव्हमध्ये मापं सरकत राहिली, डावा खांदा सैल झाला, छातीच्या डी-रिंग (सामान अडकवायच्या कड्या) बोटभर खाली आल्या. मगच टोकं कापून मेणबत्तीवर धरली. तयार डायव्हिंग जॅकेटमध्ये स्मॉल-मीडियमच्या मधे कुठेतरी लटकणाऱ्या माझ्यासारखीला, पहिल्यांदाच अंगाबरोबर हलणारं काही मिळालं.

दोन बाबतींत आपलं जमलेलं नाही, तेही लिहून टाकते. खांद्यावरच्या पॅडना तुम्ही ‘लाड’ म्हणता. म्हणा. रॅशगार्डवर कोरी वेबिंग मानेला घासते, ते ५ मिमीच्या सूटमधल्या माणसाला कळणार नाही. दुसरं, झटकन सुटणारी खांद्याची बक्कलं. तुटू शकणारी वस्तू वाढवायची कशाला, हा तुमचा मुद्दा मला पटला म्हणून ती घेतली नाहीत. पण ज्याचा खांदा आखडलेला आहे आणि ज्याला हलत्या होडीशेजारी पाण्यातच सिलिंडर उतरवून द्यावा लागतो, त्याला ती घेऊ नको असं मी तरी सांगणार नाही. माझं भागतं ते तुम्ही शिकवलेल्या क्रमामुळे : विंग फुगवायची, कमरेचं बक्कल सोडायचं, कोपर वर दुमडून डावा हात आधी काढायचा आणि मग नुसतं अंग फिरवायचं. उथळ पाण्यात तुम्ही हे मला कंटाळा येईपर्यंत करायला लावलंत. तुम्हाला कंटाळा आल्याचं काही दिसलं नाही.

क्रॉच स्ट्रॅपबद्दल सगळे विनोद करतात, मीही केले. पण प्लेट मानेकडे सरकत नाही ती त्याच्यामुळेच, आणि पाण्याच्या वर तरंगताना विंग गळ्याशी येत नाही तीही त्याच्यामुळेच. पृष्ठभागावर विंग तोंडावर पाडते अशी भीती मला घातली गेली होती. ती गच्च न फुगवता जरा मागे रेललं की पाडत नाही.

पुढच्या खेपेला कदाचित ५ मिमीचा सूट घालावा लागेल. नवा हिशेब मांडून पाठवते आहे, तपासून द्याल ना? सूटची वर जाणारी ओढ मी अंदाजाने धरली आहे, तिथे खूण केली आहे.

तुमची,
ॲल्युमिनियमवाली

ता. क. डाव्या कमरेच्या डी-रिंगला जागेवर धरणारा कीपर अजून सरकतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाली घातला तर चालेल का?