सॅन फ्रान्सिस्कोचे तीन दिवस: जूनमधलं धुकं आणि आपला बेत

सॅक्रामेंटो,
मार्चअखेर

ती. आबा व सौ. आईस शि. सा. नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार.

हे पत्र दादाने मोठ्याने वाचावं, म्हणजे चौघांचं एकदमच ऐकून होईल. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या बेताचं सगळं कागदावर मांडतोय. गुरुवार-शुक्रवार मला रजा नाही, त्यामुळे ते दोन दिवस तुम्ही चौघंच असाल. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. तुम्ही आल्यावर पहिले पाच-सहा दिवस मात्र घरीच राहायचं. उन्हाळ्यात आपल्यात आणि इथे साडेबारा तासांचा फरक असतो. आईला दुपारी झोप अनावर होईल आणि रात्री दोनला टक्क जाग येईल. तशात चढउताराच्या शहरात फिरवणं बरं नाही.

सगळ्यात आधी कपडे. आई लगेच म्हणेल, "उन्हायामा सेटर कसाले?" पण स्वेटर लागतोच, आणि एकटा पुरत नाही. वरून वारा अडवणारं जॅकेट हवं, कानाला बांधायला रुमाल किंवा टोपी हवी. जूनमध्ये त्या शहरात दुपारचं तापमान 18-19 अंश असतं, तिथल्या गोल्डन गेट पुलावर वाऱ्यात त्याहून कमी वाटतं. सॅक्रामेंटो तिथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तरी उन्हाची लाट आली की इथे पारा 40 वर जातो. घरातून निघताना तुम्हाला अमळनेरचा मे महिना आठवेल, आणि दोन-अडीच तासांनी उतराल तेव्हा अंगावर काटा येईल.

कारण समजून घेतलं तर सगळा बेत आपोआप कळतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उन्हाळ्यात समुद्राच्या तळाकडचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन तिचं धुकं बनतं. इकडे आमच्या खोऱ्यात जमीन तापते, हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. मधे किनाऱ्याच्या डोंगरांची रांग आहे. तिच्यातली मोठी फट म्हणजे गोल्डन गेटची सामुद्रधुनी, आणि पूल नेमका तिच्यावरच उभा आहे. म्हणून आमच्याकडे जितकं ऊन जास्त, तितकं तिकडे धुकं आणि वारा जास्त. सकाळी ढग खाली असतात, अकरा-बाराला फाटतात, आणि चार-पाचच्या सुमारास वाऱ्यासकट परत येतात. शहराची पश्चिम बाजू समुद्राकडची, तिथे दिवसभर धुकं राहू शकतं. पूर्वेकडे, म्हणजे फेरी बिल्डिंग आणि मिशन भागाकडे, त्याच वेळी लख्ख ऊन असतं. तेव्हा सकाळी पूर्वेला, भर दुपारी पूल, आणि पाचच्या आत परत गल्लीबोळात. एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

जूनमध्ये पाऊस नसतो, छत्र्या आणू नका. वाऱ्यात त्या उलट्या होतात. मोबाईलवर हवामान बघाल तेव्हा आकडा फॅरेनहाइटमध्ये दिसेल: 60 म्हणजे साधारण साडेपंधरा अंश. आणि तो आकडा एकाच ठिकाणचा असतो, सगळ्या शहराचा नव्हे.

गुरुवारी सॅक्रामेंटोहून सकाळची ॲमट्रॅकची आगगाडी धरा. रिचमंडला उतरायचं. त्याच स्टेशनात बार्ट नावाची लोकल मिळते, ती खाडीखालच्या बोगद्यातून थेट शहरात नेते. बार्टसाठी क्लिपर नावाचं प्रवासाचं कार्ड घेऊ, ते माणशी एक हवं. एका कार्डावर चौघं आत जाता येत नाहीत, गेट दुसऱ्याला अडवतं. बार्टमध्ये चढताना आणि उतरतानाही कार्ड टेकवायचं. शहराच्या वाहतूक सेवेच्या, म्हणजे म्युनीच्या, बसमध्ये फक्त चढताना. कार्डं मी भरून ठेवतो. शिवाय म्युनीचा तीन दिवसांचा पास काढू, त्यात बस, ट्राम आणि केबल कार तिन्ही येतात. बार्ट मात्र येत नाही. केबल कारचं सुटं तिकीट महाग आहे आणि उतरलं की संपतं, त्यामुळे पास लगेच वसूल होतो.

हॉटेल मी एम्बार्केडेरो स्टेशनाच्या जवळपास बघतोय. युनियन स्क्वेअरजवळ काही स्वस्त खोल्या दिसतात, पण नकाशावर त्यांच्या पश्चिमेला टेंडरलॉइन भाग लागतो. तिथे बेघर आणि नशेच्या आहारी गेलेली माणसं फुटपाथवर असतात. बहुतेक कुणाच्या वाटेला जात नाहीत, पण आईला ते बघवणार नाही, आणि रात्री पायी यायला तो रस्ता चांगला नाही. खोलीच्या भाड्यावर 14 टक्क्यांच्या वर कर लागतो, तो दाखवलेल्या किमतीत नसतो. काउंटरवर कार्डावरून काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात, खोली सोडल्यावर ती मोकळी होते. दादा, तिथे डेबिट कार्ड देऊ नको, पैसे कित्येक दिवस अडकतात.

पहिल्या दिवशी फेरी बिल्डिंगपासून सुरुवात. 1898 ची इमारत आहे, वर घड्याळाचा मनोरा, आत खाण्यापिण्याची दुकानं, आणि स्वच्छतागृह चांगलं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण इथे कॉफीच्या दुकानांत स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि त्याचा आकडा बऱ्याचदा पावतीवर छापलेला असतो. फेरी बिल्डिंग, पिअर 39 नावाचा धक्का आणि अल्कॅट्राझ बेटाच्या बोटींचा धक्का ही भरवशाची ठिकाणं आहेत, तिथे गेलात की जाऊन घ्या. इमारतीसमोरून एफ नावाची ट्राम सुटते. जगभरातून आणलेल्या जुन्या ट्राम या मार्गावर धावतात, इटलीतल्या मिलानच्या 1928 च्या सुद्धा. आबांना लाकडी बाकं आणि पितळी दांडे बघायला आवडतील. किनाऱ्याचा हा सगळा रस्ता सपाट आहे.

केबल कारसाठी सगळे पॉवेल स्ट्रीटच्या टोकाला रांग लावतात आणि जूनमध्ये तासभर सहज जातो. तुम्ही कॅलिफोर्निया लाइन धरा. ती फेरी बिल्डिंगजवळच ड्रम स्ट्रीटवरून सुटते, तिथे गर्दी फार कमी असते, आणि चढण तितकीच खडी. गाडीला इंजिन नसतं. रस्त्याच्या मधोमध एक अरुंद फट आहे. तिच्याखालून पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांनी अखंड फिरत असतो. मधे उभा असलेला ग्रिपमन लांब दांडा मागे ओढतो, तेव्हा खालचा चिमटा दोर पकडतो आणि गाडी निघते. थांबायचं असलं की पकड सोडतो आणि ब्रेक दाबतो. 1873 पासून हीच पद्धत. बाहेरच्या बाकावर बसलात तर पाय आत ठेवा, समोरून येणारी गाडी अगदी घासून जाते. मग मेसन आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दोर ओढणारं यंत्रघर आहे, तिथे जा. तिथली मोठाली चाकं फिरताना वरून दिसतात. संग्रहालय मोफत आहे. आबांनी तिथे अर्धा तास काढला तर घाई करू नका.

चढाचं एक सांगतो. नकाशा अंतर दाखवतो, चढ दाखवत नाही. "चारशे मीटर" म्हणून निघाल आणि पुढे फुटपाथच्या जागी पायऱ्याच लागतील. आईच्या गुडघ्यांसाठी चढ बसने, उतार पायी, तोही थोडाच. 1 नंबरची बस टेकडी ओलांडून जाते. ड्रायव्हरला सांगितलं तर बसचा पुढचा भाग खाली झुकवतो, चढायला सोपं पडतं. उभ्या गाड्यांची पुढची चाकं वळवलेली दिसतील: तोंड उताराकडे असेल तर फुटपाथकडे, चढाकडे असेल तर रस्त्याकडे. चढावर गाडी लावताना असं करणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, ब्रेक सुटला तरी गाडी घरंगळत जाऊ नये म्हणून.

शुक्रवार अल्कॅट्राझचा. हे बेट 1934 ते 1963 केंद्र सरकारचा तुरुंग होतं. बोट पिअर 33 वरून सुटते आणि बेटावर उतरवण्याचा अधिकार एकाच कंपनीकडे आहे. बाकीच्या बोटी नुसती बेटाला चक्कर मारतात, आणि स्वस्तात "अल्कॅट्राझ" म्हणून विकलं जाणारं तिकीट बहुधा तेच असतं. खरी तिकिटं सुमारे तीन महिने आधी निघतात आणि उन्हाळ्यात आठवडे आधी संपतात. हे तिकीट मी याच आठवड्यात काढणार आहे. सकाळची नऊ-साडेनऊची फेरी बरी, त्या वेळी वारा कमी असतो. तिकिटावर 06/12 दिसलं तर दचकू नका. इथे महिना आधी लिहितात, तो 12 जूनच आहे.

धक्क्यापासून कोठड्यांपर्यंत 130 फूट चढ आहे, म्हणजे साधारण तेरा मजली इमारत. आईने चालत जायचं नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी तासाला दोनदा छोटी विजेची गाडी धक्क्यावरून सुटते. बोटीतून उतरल्याबरोबर तिथल्या रेंजरला विचारा. वर गेल्यावर कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यात जुने कैदी आणि पहारेकरी स्वतः बोलतात. दादा इंग्रजीतून ऐकून आईला सांगेल. खाणं फक्त धक्क्यावर चालतं, वर पाण्याशिवाय काही नेता येत नाही. वहिनींनी आदल्या दिवशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घ्यावी, ज्वारीचं पीठ माझ्याकडे आहे. बोटीत चढायच्या आधी खाऊन घ्या. येणंजाणं धरून तीन तास लागतात.

परतल्यावर पिअर 39 चे समुद्रसिंह. 1989 च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच ते तिथल्या तराफ्यांवर येऊन बसायला लागले. पण जून-जुलैत बरेचसे पिल्लं घालायला दक्षिणेकडच्या बेटांवर जातात, तेव्हा दहा-वीस दिसले तरी समाधान मानायचं. त्या भागात पावाच्या वाटीत मिळणारं पांढरं सूप आईने घेऊ नये, त्यात शिंपल्या असतात आणि बऱ्याचदा डुकराचं मांसही. मेक्सिकन बरिटो पोटभरीचा, पण विचारून घ्या: कित्येक ठिकाणी राजमा चरबीत शिजवतात आणि भात कोंबडीच्या पाण्यात. चायनाटाऊनमध्ये शाकाहारी म्हणून आलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस असू शकतो.

तिथून 28 नंबरची बस पुलावर नेते. दुपारी एक ते तीन ही वेळ धरा. पूल 1937 मध्ये खुला झाला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1280 मीटर, मनोरे 227 मीटर उंच. पायी चालायला पैसे पडत नाहीत. पूर्वेकडचा फुटपाथ पादचाऱ्यांचा, पण सायकलीही जोरात येतात, तेव्हा आईला कठड्याच्या बाजूला ठेवा. पहिल्या मनोऱ्यापर्यंत जाऊन परत या, सगळा पूल चालायची गरज नाही. पूल धुक्यात पार गडप असेल तर निराश होऊन परतू नका. खाली क्रिसी फील्डच्या किनाऱ्यावर उतरा. धुकं बऱ्याचदा पाण्यापासून वर उचललेलं असतं आणि पुलाची खालची बाजू, पाय, बोटी सगळं दिसतं. पाण्यात मात्र कुणी उतरायचं नाही. पाणी बारा-तेरा अंशांचं असतं, आणि शहराच्या पश्चिमेच्या ओशन बीचवर खेचून नेणारे प्रवाह आहेत. तिथे समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.

माझ्या मते आबांसाठी सगळ्यात मोलाची जागा कुठल्याच पर्यटकांच्या यादीत वर नसते. 5 वुड स्ट्रीटला इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीचं स्मारक आहे. 1913 साली याच शहरातून "गदर" साप्ताहिक निघालं. तळेगाव ढमढेऱ्यांचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला आले, गदर चळवळीत शिरले, हिंदुस्थानात परतले आणि 1915 साली लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही याच चळवळीतले. आजची वास्तू नंतरची आहे, ती आपल्या वकिलातीच्या अखत्यारीत आहे आणि रोज उघडी नसते. मी आधी फोन करून वेळ ठरवतो. जमलं तर गुरुवारी दुपारीच. त्याला जोडून वेब्स्टर आणि फिल्बर्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं वेदांत सोसायटीचं जुनं मंदिर रस्त्यावरून तरी बघा. विवेकानंदांनी 1900 साली इथे सोसायटी स्थापन केली. मंदिर 1906 च्या भूकंपाच्या जरा आधीच उभं राहिलं आणि त्यातून वाचलं. शिखरं एकाला एक मिळत नाहीत, आणि तीच त्याची शोभा.

शनिवारी मी आलो की म्युअर वुड्स. गाडी लावायला आगाऊ आरक्षण लागतं, आणि जंगलात मोबाईलला रेंज नसते, म्हणून ते आधीच उतरवून ठेवतो. अडीचशे फुटांची रेडवूडची झाडं आहेत. उन्हाळ्यात पाऊस नसताना ती या धुक्याच्या थेंबांवर तग धरतात. खालची वाट सपाट, फळ्यांची, आईला आरामात जमेल. गाडीत काहीही दिसेल असं ठेवायचं नाही, रिकामी पिशवीसुद्धा नाही. काच फोडून नेण्याचे प्रकार त्या शहरात होतात. पासपोर्ट सॅक्रामेंटोलाच कुलपात राहतील, सोबत त्यांच्या झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो.

आता दादा, तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. चौघांची नावं पासपोर्टवर आहेत तशी पाठव. सगळ्यांच्या अंगाला बसणारी जॅकेटं तिकडे मिळतात का बघ, नाहीतर मापं कळव, मी इथे घेतो. आणि आईच्या चपला नकोत, रबरी तळव्याचे, पुढून बंद बूट आजच घे आणि महिनाभर रोज घालायला लाव. नवे बूट तिथे पहिल्यांदा घातले तर दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि सगळा बेत खोलीत बसतो. आबांच्या गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

नावं रविवारपर्यंत कळव, म्हणजे अल्कॅट्राझचं तिकीट लगेच काढतो.

तुमचा,
भैय्या