माणसं फुटपाथवरून खाली कुठे उतरतात

प्रिय मित्रा,

नवा फुटपाथ झाला तरी लोक रस्त्यावरूनच चालतात, त्यांना शिस्तच नाही, असं तू लिहिलंस. शिस्तीचं नंतर बघू. आधी मोजपट्टी घे आणि त्या फुटपाथवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल.

कडेच्या दगडाची उंची बघ. १५ सेंटिमीटर म्हणजे जिन्याची एक पायरी. २५ भरली तर गुडघे दुखणारा माणूस वर चढणारच नाही. पुढे फाटकं मोज. गाडी आत जावी म्हणून प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. सहा फाटकं असली तर बारा चढउतार. दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फाटकाशी रस्त्यावर येतो, तो पुन्हा वर जात नाही. खरं तर फुटपाथ सलग एका पातळीत ठेवून गाडीसाठी फक्त कडेला उतार द्यायला हवा.

रुंदी भिंतीपासून कडेपर्यंत मोजू नकोस. खांब, झाडाचा पार, विजेची पेटी, उभी दुचाकी यांच्यामधून सगळ्यात कमी जागा जिथे उरते, तीच खरी रुंदी. व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर लागतात. तिच्यासाठी उतार एकास बारा हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबी. तिथे हातभर सिमेंट थापलेलं असेल, तर खुर्ची चढताना मागे उलटू शकते.

आणि न दिसणाऱ्यांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या उठावाच्या फरशा नीट बघ. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या. १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल उठाव म्हणजे थांब, पुढे रस्ता किंवा पायरी आहे. हा फरक बसवणाऱ्याला कुणी सांगितलेला नसतो. मग दोन्ही फरशा हाताला येतील तशा बसतात, आणि रेघा सरळ खांबावर जाऊन संपतात. ज्याला दिसत नाही तो त्या रेघांच्या भरवशावर पाऊल टाकतो. ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते.

सकाळी मोजू नकोस, संध्याकाळी दुचाक्या लागल्यावर मोज. तासभर एका जागी थांब. माणसं जिथे जिथे खाली उतरतील तिथे खडूने फुली मार, आणि फुल्यांजवळ काय काय आहे ते मला लिहून पाठव.

तुझा मित्र