शृंगारतळीच्या गॅरेजवाल्या चाचांना, गाडीच्या त्या टकटकीबद्दल

चाचा, सलाम.

तुमचा मोबाइल फोन उचलण्यापुरताच, हे पाहिलंय. तेव्हा हे पत्र तुमच्या मुलाने वाचून दाखवावं, आणि गुहागरकडे गाडी घेऊन येणाऱ्या बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघडंच लिहितोय.

गणपतीला निघालो तेव्हा गाडी आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग होऊन आलेली. ऑइल नवं, स्पार्क प्लग नवे. परशुराम घाटात बोनेटखालून टक् टक् टक् सुरू झालं. ॲक्सिलरेटर दाबला की जोरात, सोडला की बारीक. आई म्हणाली, "घड्याळ गिळलंय काय गाडीने?" चिपळूणला थांबून मुंबईच्या गॅरेजला फोन लावला. गाडी न बघताच तिकडून निदान आलं: टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) गेलेत, इंजिन खोलावं लागेल, वीस-बावीस हजार धरून चला. सणाच्या तोंडावर!

तुमच्याकडे पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुम्ही डिपस्टिक ओढून फडक्याला पुसली, परत घालून बघितली, ऑइल बरोबर आहे म्हणालात आणि चक्क गाडी ठेवून जायला सांगितलंत. "रात्रभर थंड होऊ दे. थंड इंजिन खरं बोलतं." खरं सांगतो, मला वाटलं टाळताय.

सकाळी कारण कळलं. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) फुटलं असेल तर थंड असताना टकटक जास्त येते आणि लोखंड तापून फुगलं की बहुतेक वेळा दबते. आपली टकटक गाडी तापली तरी तशीच राहिली, म्हणून तुम्ही मॅनिफोल्डवरचा संशय काढलात. मग तो हातभर पाण्याचा पाइप आणलात. एक टोक तुमच्या कानाला, दुसरं इंजिनवर इकडून तिकडे, डॉक्टर छाती तपासतात तसं. पाइप माझ्याही कानाला लावलात. एका जागी बारीक, कोरडी टिकटिक. "हा इंजेक्टर, पेट्रोल फवारणारा. हा जन्मभर असाच बोलणार, याला औषध नाही." पुढे तिसऱ्या प्लगच्या खड्ड्याशी आवाज एकदम वेगळा, फस्स् करून टक्, जणू कुकरची शिट्टी धड बसलेली नाही. तिसरी कॉइल, म्हणजे त्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी, काढल्याबरोबर इंजिन थरथरायला लागलं आणि टकटक दबली. इतर तीन कॉइल आळीपाळीने काढल्या तेव्हा थरथर तीच, पण टकटक जशीच्या तशी.

तरी लगेच पाना लावला नाहीत. हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात, म्हणून तासभर बसवलंत, चहा पाजलात. तुमचा टॉर्च मिचमिचत होता, म्हणून मी मोबाइलचा उजेड धरला. पाना लागताच प्लग जवळजवळ बोटाच्या जोरावर फिरला. सैल होता! काढून दाखवलात तेव्हा बुडाशी काळं कडं धरलेलं. स्फोटाचा दाब तिथूनच निसटत होता. आटे शाबूत आहेत हे आधी तपासलंत, हाताने बसेपर्यंत फिरवलात आणि पान्याने बेताचाच आवळलात. "जोर दाखवायची जागा ही नाही," म्हणालात. तसाच चालवला असता तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरली नसती आणि पुढे खरोखरच मोठं काम निघालं असतं, हेही तिथेच कळलं.

शंभर रुपये! मी पाचशेची नोट पुढे केली तर सुट्टे आणायला समोरच्या दुकानात पाठवलंत. चाचा, बावीस हजार सांगून पाच हजार घेतले असते तरी मी हात जोडून दिले असते, आणि हे तुम्हालाही ठाऊक होतं.

परतताना परशुराम घाटात आईने रेडिओ बंद करायला लावला आणि घाट संपेपर्यंत कान देऊन बसली. नंतर म्हणाली, "लाव आता गाणी."

माघी गणपतीला पुन्हा येतोय. बोनेटला चिकटणारा चुंबकाचा टॉर्च घेऊन ठेवलाय, तुमच्यासाठी. फुकट घेणार नाही म्हणाल हे माहीत आहे, म्हणून किंमतही ठरवून ठेवलीय: शंभर रुपये, आणि सुट्टे तुम्हीच आणायचे.

तुमचा,
तिसऱ्या प्लगवाला